विहिरीत सोडायचा कंदील

ती विहीर मी आजही विसरलेलो नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा बदलापूरला उपनिरीक्षक होतो.

बदलापूर गावाबाहेर एक पेट्रोल पंप होता. मालक उल्हासनगरचे शेठ. एक दिवस ते पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन आले. "साहेब, टाकी भरतो आणि माल कम होतो. घरकाच आदमी चोरतोय." संशय पंपावरच्या जुन्या नोकरावर. त्याच आठवड्यात पंपाखालच्या उतारावरच्या वस्तीत विहिरीला पेट्रोलचा वास यायला लागला. विहिरीला लागून घर कोणाचं? त्याच नोकराचं. खबऱ्यानेही सांगितलं, की चोरीचे डबे घरात होते, तक्रार झाल्यावर घाबरून विहिरीत टाकले. गणित इतकं सरळ सुटलं की ठाण्यात सगळे खूश.

त्याला चौकशीला आणलं. चाळिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप.

"साहेब, माझ्या पोरी तेच पाणी पितात. टाकायचंच असतं तर नाला काय लांब होता?"

बोलणं पटत होतं. पण पटेल असं बोलणारे चोर मी पुष्कळ पाहिले होते. त्याला बसवून ठेवलं, संध्याकाळी घरी सोडलं आणि सकाळी परत यायला सांगितलं.

सकाळी ठाण्यात येताना माझी मोटारसायकल आचके देत बंद पडली. पेट्रोल त्याच पंपावरचं. हवालदाराने ते काचेच्या बाटलीत काढलं, तर तळाला चक्क पाणी! माझं डोकंच फिरलं. समोर तो नोकर येऊन बसलेलाच होता.

"चोरी ती चोरी, वर भेसळ पण?"

"भेसळ नाय साहेब. जमिनीतली टाकी जुनी झालीय, पाणी आतच येतंय. शेठना सांगितलं, तर म्हणाले तूच मिसळतोस."

मी बाटलीतलं पाणी पुन्हा निरखलं. बाहेरचं पाणी आत येत असेल, तर आतलं पेट्रोल बाहेर जात नसेल कशावरून?

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. नवऱ्याला म्हणाली, "मामंजी विहिरीत उतरतायत. गाळ उपसून दाखवतो म्हणतात, खाली एक डबा नाय."

नोकर ताडकन उठला. "अगं, कंदील सोडतील ना आत!"

आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडतात. विझला तर खालची हवा वाईट, माणूस उतरत नाही. मोठी शहाणी पद्धत. पण या विहिरीत पेट्रोलची वाफ कोंडलेली! मी जीपकडे धावलोच.

वस्तीत पोहोचलो तेव्हा नोकराचा म्हातारा बाप कमरेला दोर बांधून उभा होता आणि एक शेजारी पेटता कंदील काठावरून खाली सोडत होता. मी लांबूनच ओरडलो, "वर घे! कंदील वर घे आधी!" तो दचकला. आता कंदील हातातून सुटतो की काय, असं वाटलं. पण त्याने दोरी ओढली. कंदील लांब नेऊन विझवला, तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

म्हातारा माझ्यावरच चिडला. "उतरू दे मना सायेब, पोराचं नाव जातंय."

"काका, नाव राहील. तुम्ही राहिला नसतात."

लोकांना मागे हटवून विहिरीवर पहारा बसवला. संध्याकाळी पंप बंद केला, टाकीत काठी घालून पातळी घेतली आणि पंचांसमोर झाकणाला सील लावलं. सकाळी पातळी उतरलेली होती, सील जसंच्या तसं. मग टाकी रिकामी करून खणून काढली. बूड गंजून जाळी झालं होतं, खालची माती पेट्रोलने काळी पडली होती. तेच उताराने झिरपत विहिरीत गेलं होतं. शेठने कपाळाला हात लावला. "टाकी फुटली थी, और मैं आदमी पे शक करता रहा." त्यांनी तक्रार मागे घेतली, वस्तीला पाण्याचे टँकर सुरू केले. विहिरीचं पाणी मात्र पुढे बरीच वर्षं कोणी प्यायलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता. तेव्हापासून 'कोणी केलं' हे विचारण्याआधी मी 'झालं काय' हे विचारायला शिकलो.

पंचनामा संपला तेव्हा म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "म्हंजे माज्या पोरानं काय केला नाय ना?" अख्खी वस्ती ऐकत होती. मी मुद्दाम आवाज चढवून सांगितलं, "नाही काका, त्याने काही केलेलं नाही!" नोकरीत गुन्हेगार पुष्कळ पकडले. पण माणूस निर्दोष आहे, हे चारचौघांत ओरडून सांगायला मिळालं ते तेवढं एकदाच.