घंटेची बंदूक, सशांची बंदूक

कुलपांच्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या पुरुषाला भिंतीवरचं घड्याळ मिळायचं आणि बाईला कापीव काचेचा मोठा वाडगा. इंग्लंडमधल्या विलनहॉल गावात अशी घरं होती की जिथे आईचा, मावशीचा आणि आत्याचा असे तीन वाडगे एकाच कपाटात बसले होते आणि एकातही कधी कोणी फळ ठेवलं नव्हतं. १९८३च्या मार्चमध्ये अ‍ॅव्हिस ट्रँटरची पाळी आली. चौतीस वर्षं तिने प्रेसवर बसून कुलपांच्या पत्र्यांना किल्लीची भोकं पाडली होती.

व्यवस्थापक पर्स्लो यांनी तिच्यापुढे चित्रांची वही सरकवली. "निळी काच की साधी, मिस ट्रँटर?"

"वाडगा नको. एअर रायफल हवी."

"काय हवी?"

"छर्ऱ्यांची बंदूक. गेथिनच्या दुकानात मिळते. वाडग्याचे जेवढे होतात तेवढ्याची चिठ्ठी द्या, वरचे मी घालीन."

"आजवर कारखान्याने कोणाला बंदूक दिलेली नाही."

"आजवर कोणी मागितली नसेल."

पर्स्लो यांनी आठवडाभर विचार केला. टायपिस्ट मुलीला त्यांनी हळूच विचारलं की, ट्रँटरबाई कोणावर चिडलेली वगैरे नाही ना. मग चिठ्ठी दिली.

ही बातमी गुरुवारी 'थ्री फर्नेसेस'मध्ये तिच्या आधी पोचली. त्या पबच्या मागच्या खोलीत हिवाळाभर दर गुरुवारी घंटेचे सामने होत. समोरच्या भिंतीवर लोखंडी चकती, चकतीच्या मधोमध नखाएवढं भोक, भोकामागे घंटा. अठरा फुटांवर उभं राहून छर्रा त्या भोकातून घालायचा. घंटा वाजली की पाच गुण. नाही वाजली तर चकतीवरच्या ओल्या पांढऱ्या रंगात ठिपका उमटे, तो बघून गुण द्यायचे आणि ब्रशने पुसून टाकायचा. अ‍ॅव्हिस नऊ वर्षं संघात होती. स्वतःची बंदूक नव्हती. कपाटातली संघाची जुनी बंदूक घेऊन ती बाकी सात पुरुषांपेक्षा जास्त वेळा घंटा वाजवत असे. पुरुषांनी यावर आपसांत तोडगा काढला होता. ते याला तिचं नशीब म्हणत.

"तर मग ठरलं," क्लाइव्ह बॅगनॉल म्हणाला. तो संघाचा कप्तान, बस खात्यात तिकीट तपासनीस. पुढ्यात करड्या वाटाण्यांचा वाडगा होता आणि बोलताना चमचा हलत होता. "गेथिनकडे जर्मन बंदूक आलीये. वापरलेली आहे, पण नळी नव्यासारखी. धक्का म्हणून नाही. घोडा तर असा की नुसता विचार केला तरी सुटतो. अ‍ॅव्हिस, त्या बंदुकीवर तू सामन्यात बिल्स्टनवाल्यांना रडवशील बघ."

"मला बिल्स्टनवाल्यांना रडवायचं नाहीये. ससे मारायचेत."

"अगं बये, ससे खाटकाकडे मिळतात!"

"आणि घंटेची बंदूक कपाटात मिळते. तीच वापरते की दर गुरुवारी."

"मग एकच घे, दोन्ही कामांना."

"क्लाइव्ह, तुला माहितीये ते होत नाही."

क्लाइव्हला माहीत होतं. घंटेची बंदूक जड, शांत आणि अचूक, पण तिचा जोर निम्मा. अठरा फुटांवरच्या चकतीला तेवढा पुरतो. तीस पावलांवरचा ससा मात्र तो छर्रा अंगात घेऊन बिळात जाईल आणि दोन दिवसांनी मरेल. सशांच्या बंदुकीची स्प्रिंग दांडगी. सुटताना ती पुढेमागे दोन्हीकडे हिसका देते, सैल हातात धरावी लागते, आणि नखाएवढ्या भोकावर नेम धरताना नेमका तोच हिसका नडतो.

"बरं, मग एक सांगून ठेवतो," क्लाइव्ह म्हणाला. "पुढच्या हंगामापासून संघात त्यालाच घ्यायचं, ज्याच्याकडे स्वतःची घंटेची बंदूक आहे. काल ठरलं."

"कोणी ठरवलं?"

"मी आणि रॉननं."

"रॉन काल दात काढायला गेला होता."

"तोंड बंद होतं त्याचं. हात वर करता येत होता," क्लाइव्ह म्हणाला. खोली हसली. रॉन गालावर हात ठेवून वाटाण्यांकडे बघत बसला.

शनिवारी अ‍ॅव्हिस गेथिनच्या दुकानात गेली. म्हातारा गेथिन कमी बोलायचा. त्याने दोन्ही बंदुका फळीवर ठेवल्या आणि मागच्या अंगणाचं दार उघडलं. तिथे पंचवीस पावलांवर पुठ्ठा लावलेला होता. जर्मन बंदूक तिने आधी घेतली. पाच छर्रे एकाच भोकातून गेले. पाचव्यानंतर तिने ती लगेच खाली ठेवली नाही. दस्त्यावरचं अक्रोडाचं लाकूड कोणाच्या तरी गालाने वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालं होतं आणि तिच्या गालाला ते बरोबर बसत होतं.

मग दुसरी. नवी, साधी, बीचच्या लाकडाची, जाड छर्ऱ्याची. पहिले दोन छर्रे भलतीकडे गेले. तिसऱ्यापासून तिने पकड सैल केली. पुढचे पाच दोन पेन्सच्या नाण्याखाली झाकता येतील इतके जवळ लागले.

"मन पहिलीवर बसलंय तुमचं," गेथिन म्हणाला.

"बसलंय की. नाही कशाला म्हणू?"

"मग?"

"चौतीस वर्षं भोकंच पाडली मी, गेथिन. आता पैसे देऊन भोकंच पाडू? दुसरी बांधा."

संघातली तिची जागा अशी गेली. नवी बंदूक खांद्याला अडकवून ती घरी आली, तर पुढच्या खोलीत भाऊ लेन तोंड पाडून बसला होता.

छर्ऱ्यांची बंदूक बाळगायला परवाना लागत नव्हता. पण ती झाडायला जमीन लागते आणि जमीन मालकाच्या मर्जीवर असते. ब्रिजनॉर्थजवळच्या शेतकरी प्रीसने बावीस वर्षांपूर्वी लेनला एका कागदावर परवानगी लिहून दिली होती. वाटेत पोलिसाने हटकलं तर तो कागद दाखवायचा. त्यावर नाव होतं एल. ट्रँटर. अ‍ॅव्हिस 'पिशवी धरायला' म्हणून त्याच्याबरोबर जात असे. आता लेनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि फेब्रुवारीत तो प्रीसच्या देखत फाटकाच्या खांबावर आदळला होता.

"प्रीसचा फोन आला होता," लेन म्हणाला. "म्हणतो, आंधळ्याच्या हाती बंदूक नको. दुसरा माणूस बघतोय. तुमच्या त्या बॅगनॉलनं विचारलंय त्याला."

"क्लाइव्हनं?"

"मी म्हटलं माझी बहीण आहे. तर हसला. मग म्हणाला, येऊ दे रविवारी त्यालाही आणि तिलाही, बघतो."

अ‍ॅव्हिसने हिशेब लगेच केला. संघ गेला होता. प्रीसचा कागद नाही मिळाला तर बंदूक भिंतीवर टांगायची आणि पुसत बसायची. काचेच्या वाडग्याचंही तेच करायचं असतं. विलनहॉलच्या आसपास दुसरा शेतकरी अनोळखी बाईला परवानगी देईल अशी शक्यता नव्हती. ओळखीच्या चौघांनीही यापूर्वी नाही म्हटलं होतं.

तिने क्लाइव्हला फोन लावला. "रविवारी प्रीसकडे जाताना मला घेऊन जा. रविवारी बस नसते."

"तुला कोणी सांगितलं मी जातोय म्हणून?"

"दुपारी तीनला तयार राहते."

प्रीस सत्तरीचा होता, गुडघ्यापर्यंत बूट, कानात केस. कुंपणालगतचा कोवळा गहू सशांनी आठ-दहा फूट रुंदीच्या पट्ट्यात जमिनीसरसा खाल्ला होता. तो पट्टा दाखवून तो म्हणाला, "मला बोलणं नको. एकेक ससा दाखवा. आधी तुम्ही, बॅगनॉल."

क्लाइव्ह गवतात पालथा पडला. त्याची बंदूक महाग होती, वर दुर्बीण. तीस पावलांवर ससा गव्हात तोंड घालून बसला होता. क्लाइव्हने वेळ घेतला, नेम धरला, घोडा ओढला. ससा जागेवरून हलला नाही. त्याच्या मागे मेंढ्यांच्या पाण्याची पत्र्याची डोणी होती, ती टणकन वाजली.

"वाजली!" प्रीस म्हणाला. "याचे किती गुण?"

अ‍ॅव्हिसला कळलं काय झालंय ते. दुर्बीण नळीच्या वर बसते. अठरा फुटांवरच्या घंटेसाठी ती जुळवली की नळी वर रोखली जाते आणि तीस पावलांवर छर्रा तीन बोटं वरून जातो. होत नाही हे माहीत असूनही गुरुवारी घंटा आणि रविवारी ससे अशी एकच बंदूक वापरणाऱ्या माणसाने मधल्या दिवसांत निदान दुर्बीण तरी पुन्हा जुळवायची असते. क्लाइव्ह विसरला होता. पबमधला निम्मा संघ कधी ना कधी हे विसरलेला होता आणि प्रत्येकाने तेव्हा एकच कारण सांगितलं होतं.

"वारा आहे," क्लाइव्ह म्हणाला.

कुंपणावर एक पान हलत नव्हतं.

दुसऱ्या वेळी त्याने अंदाजाने खाली नेम धरला. छर्रा सशाच्या मागच्या मांडीत बसला. ससा किंचाळला आणि मागचे पाय ओढत काटेरी झुडपाकडे निघाला. क्लाइव्ह उठून घाईघाईने पुन्हा छर्रा भरू लागला. तो हातातून पडला. तोवर अ‍ॅव्हिस झुडपाशी पोचली होती. तिने काट्यांत कोपरापर्यंत हात घातला, ससा बाहेर काढला, मानेला एक झटका दिला आणि परत येऊन तो फाटकाशी ठेवला. तिच्या मनगटावर रक्ताच्या तीन रेघा होत्या.

"हा कोणाचा धरायचा?" प्रीसने विचारलं.

"कोणाचाच नाही," ती म्हणाली. "आता थांबायचं. अर्धा तास तरी कोणी बाहेर येणार नाही."

ती कुंपणाच्या सावलीत ओल्या गवतात आडवी झाली. प्रीस मागे उलट्या बादलीवर बसला. क्लाइव्ह फाटकाला टेकून सिगारेटी ओढत राहिला. चाळीस मिनिटांनी पन्नासेक पावलांवर एक ससा बाहेर आला.

"तो बघा," प्रीस कुजबुजला. "मारा."

"लांब आहे."

"बॅगनॉलनी मारला असता."

"हो ना. तेच म्हणतेय मी."

"बाई, मला सहाला गायी आत घ्यायच्यात."

"घ्या तुम्ही. मी आहे इथं."

प्रीस पुटपुटला, पण बादलीवरून उठला नाही. ससा खात खात पुढे येत होता. एकदा तो कान उभारून थबकला आणि अ‍ॅव्हिसनेही श्वास रोखला. चाळीस पावलं. पस्तीस. प्रीसचा बूट करकरला. तिने मागे न बघता डाव्या हाताची बोटं त्याच्या दिशेने पसरली आणि बूट तिथेच थांबला. तीसच्या आत आल्यावर सशाने तोंड वळवलं. तिने घोडा ओढला. ससा बसल्या जागी कलंडला. गव्हाचं पातं अजून दातांत होतं.

प्रीसने तो उचलून पाहिला. डोळा आणि कान यांच्या मधोमध छर्रा. "लेनचे ससे असेच असायचे," तो म्हणाला.

"लेनचे नव्हतेच ते."

"म्हणजे?"

"गेली सहा वर्षं लेनला या फाटकापलीकडचं दिसत नाही. तो पिशवी धरायचा, मी त्याची बंदूक."

प्रीसने तिच्याकडे पाहिलं, सशाकडे पाहिलं. "आणि मी दर नाताळला व्हिस्कीची बाटली द्यायचो ती?"

"ती मात्र त्यानंच प्यायली."

क्लाइव्ह फाटकापाशी मोठ्याने हसला, मग आपण कोणत्या बाजूचे आहोत हे आठवून थांबला.

प्रीस घरात गेला आणि कागद घेऊन आला. तिने चष्मा लावला. 'लेन ट्रँटर यांच्या बहिणीस माझ्या जमिनीवर ससे मारण्याची परवानगी आहे.' खाली सही.

तिने कागद परत दिला. "माझं नाव नाहीये यात."

"पोलिसाला पुरेल एवढं. लेनला सगळे ओळखतात."

"ओळखू देत. बंदूक माझी आहे, ससा मी मारलाय. उद्या लेन गेला तर मी कोणाची बहीण म्हणून फिरू तुमच्या शेतात?"

"बाई, कागद संपलेत घरातले."

"याच्या मागं लिहा. नाही लिहायचं तर तसं सांगा. ससा ठेवते इथं आणि जाते."

प्रीस थोडा वेळ दाढी खाजवत राहिला. कुंपणालगतच्या खाल्लेल्या गव्हावरून त्याची नजर एकदा फिरली. मग त्याने कागद फाटकाच्या खांबावर उलटा धरला, शिसपेन्सिल ओली केली आणि विचारलं, "अ‍ॅव्हिसच ना?"

"अ‍ॅव्हिस ट्रँटर. मिस."

लिहून झाल्यावर त्याने पहिल्या बाजूवर आडवी रेघ मारली. तिने दोन्ही बाजू वाचल्या आणि कागद कोटाच्या आतल्या खिशात घातला. प्रीस गायींकडे निघाला. चार पावलं जाऊन तो वळला. "दर आठवड्याला पाच तरी मारा. त्याहून कमी चालणार नाहीत."

"जेवढे तीस पावलांत येतील तेवढे मारीन," ती म्हणाली. प्रीसने हात झटकला आणि गेला.

क्लाइव्हने गाडीची किल्ली काढली होती. "चल, झालं ना मनासारखं? सातला मला पबमध्ये असायला हवं."

उन्हं उतरत होती आणि कुंपणाच्या दूरच्या टोकाला दोन करडे ठिपके बाहेर आले होते. अ‍ॅव्हिसने बंदुकीची नळी खाली वाकवून नवा छर्रा भरला.

"बस गाडीत तू," ती म्हणाली. "आणि दार आपटू नकोस."