खिळ्यावरचे बूट

मादू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर टेबलावर एका कबड्डीवाल्याचा गुडघा होता. रविवार होता, तरी ओळखीतला म्हणून दवाखाना उघडला होता. फोन मंदा वहिनींचा, मादूच्या बायकोचा. "भाऊजी, तुमचा मित्र गेला," एवढंच बोलल्या आणि पुढं त्यांना बोलवेना. नंतर कळलं, सकाळी पोरींना फुटबॉल खेळवताना मैदानावर खुर्चीत बसल्या बसल्या गेला. पोरी पळत होत्या, त्यांना वाटलं भाऊंचा डोळा लागला... मी फोन खाली ठेवला, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? लाज वाटते, पण आता लपवून तरी काय करायचं. पहिला विचार आला, चला, आता तरी पोरी माझं ऐकतील. रडू नंतर आलं. भरपूर आलं. पण पहिला विचार तोच होता.

महादेव, म्हणजे मादू, आणि मी बाभुळगावचे. एका शाळेत, एका बाकावर. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत आम्ही फुटबॉल खेळायचो. तो मधल्या फळीत आणि मी बॅक. तो चांगला खेळायचा आणि मी बरा, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि मलाही. पुढं मी नागपूरला जाऊन फिजिओथेरपी शिकलो, यवतमाळात दवाखाना टाकला, नावापुढं अक्षरं लागली. तो त्याच जिनिंगमध्ये फिटर झाला आणि मागच्या त्याच जागेत पोरींना खेळवायला लागला. वाटलं होतं, आता तरी मी पुढं निघालो. कसचं काय! खेळताना कुणाचा पाय मुरगळला, गुडघा सुजला, की पोरी माझ्याकडे यायच्या खऱ्या. मी सूज उतरवायचो, व्यायाम शिकवायचो, एका पायावर उड्या मारायला लावून दोन्ही पायांची ताकद ताडून पाहायचो. सगळं करून मी म्हणायचो, "झालीस तू बरी, खेळ आता." तर पोरगी मान डोलवायची, थँक्यू सर म्हणायची आणि थेट मादूच्या घरी जायची. बूट मागायला.

हे बुटांचं समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावरच आहे. मादूच्या घराच्या पुढच्या खोलीत भिंतीला ओळीनं खिळे होते. जिला लागलं तिनं आपले बूट, मातीचिखलासकट, तिथं आणून टांगायचे. मग दर रविवारी येऊन बसायचं. मादू चहा पाजायचा, घरचं विचारायचा, कोण काय बोललं, कापूस किती निघाला, मास्तरीण रागावते का... त्याच्या खुर्चीखाली एक जुना चेंडू असायचा. बोलता बोलता, पोरीचं लक्ष नसताना, तो हळूच टाचेनं चेंडू तिच्याकडे ढकलायचा. लागलेला पाय आपसूक पुढं येऊन चेंडू अडवला, तर मादू उठायचा, खिळ्यावरचे बूट काढायचा, उंबऱ्यावर आपटून वाळलेली माती झाडायचा आणि हातात द्यायचा. आणि तो पाय मागे सरला, किंवा दुसराच पुढं आला, तर म्हणायचा, "अजून भेते तो. आठ दिवस थांब." झालं. पाय भितो म्हटला, की त्याच्यावर अपील नाही.

मी चिडायचो. "अरे, हे काय शास्त्र आहे का?" मी म्हणायचो. "मी मोजून सांगतो, तू चहा पाजून सांगतो!"

"तू पाय पाह्यतं बावा," तो हसायचा. "बरोबरच पाह्यतं. मी फक्त तो भेते का, तेवढं पाह्यतो."

त्याचा आणखी एक नियम होता. दुखण्यातून उठलेल्या पोरीनं पहिल्यांदा जुनेच बूट घालायचे. नवे घ्यायचे तर पुढच्या महिन्यात घे म्हणायचा. "नवा बूट आन् घाबरलेला पाय, दोघंही एकमेकाले ओळखत नाई." यात तथ्य होतं, हे मला कळत होतं. नवा बूट कडक, तळाचे खिळे टोकदार, जमिनीत रुततात आणि पाय वळायला जागा देत नाहीत. पण हे त्याच्या तोंडून आलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी पाच वर्षं शिकून जे सांगत होतो ते हा माणूस पान्हे फिरवून फिरवून शिकला होता, आणि पोरी त्याचं ऐकत होत्या. हेवा, दुसरं काय! मी त्याला शास्त्राचा कैवार म्हणत होतो, पण होता तो हेवाच.

प्रणाली ही राळेगावकडच्या एका खेड्यातली. दोन एसट्या बदलून सरावाला यायची. तिच्या पायात जे होतं ते मादूच्याही पायात नव्हतं आणि माझ्या तर सात जन्मात नसतं. सतरा वर्षांची असताना तिच्या गुडघ्याचा लिगामेंट दुखावला. पूर्ण तुटला नव्हता. पाच महिने मी तिच्यावर मेहनत घेतली, आणि खोटं नाही बोलत, जीव लावून घेतली. अमरावतीला राज्याच्या अठरा वर्षांखालच्या संघासाठी निवड चाचणी होती. तिचं वय पाहता तीच शेवटची संधी. चाचणीला चार दिवस राहिले असताना मी तिला तपासलं. ताकद चांगली भरली होती. फक्त उडी मारून खाली येताना गुडघा जरासा आत जात होता. जरासाच. मी तो पाहिला. पाहिला, आणि तरी म्हणालो, "फिट आहेस तू. जा, खेळ."

तिनं काय विचारावं? म्हणाली, "सर, भाऊ बूट देईन का आता?"

मी समोर उभा! पाच महिने माझ्या दवाखान्यात घाम गाळलेली पोरगी, मी तोंडानं फिट म्हणतोय, आणि ती विचारते भाऊ बूट देईल का. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी मी मादूला फोन केला. तो म्हणाला, "रविवारी पाह्यलं तिले. अजून भेते. आठ दिवस थांबावं लागते." मी म्हटलं, "आठ दिवसांनी चाचणी राहते का रे?" "नाई राहत," म्हणाला. "पन गुडघा राह्यते."

आता मी काय केलं ते. सहा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो, तिच्या मापाचे नवेकोरे बूट घेतले. ती व्यायामाला आली तेव्हा तिच्या हातात दिले आणि म्हणालो, "भाऊनं पाठवले." पोरीचा चेहरा असा उजळला! एक क्षण तिनं शंका घेतली, "नवे काहून पाठवले जी?" मी म्हणालो, "मोठी चाचणी आहे ना, म्हणून." भाऊला फोन करू नको, त्याच्या जिनिंगचा हंगाम आहे, असंही वर सांगितलं. इतका विचार मी केला होता. मला ती खेळायला हवी होती, चमकायला हवी होती, आणि निवड झाल्यावर मी मादूला सांगणार होतो, बघ, माझ्या शब्दावर खेळली.

ती वीस मिनिटं खेळली. पहिली पंधरा मिनिटं काय खेळली हो... मग एका उंच चेंडूसाठी उडाली, खाली आली, बूट जमिनीत रुतला, अंग वळलं आणि पाय वळला नाही. आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला.

चाचणीला बाकीच्याही पोरी होत्या, म्हणून मादू अर्धी पाळी करून निघाला होता. तो पोचला तेव्हा तिला उचलून बाहेर आणलं होतं. तो धावत आला, गुडघे टेकून बसला, आणि त्यानं तिच्या गुडघ्याकडे नाही, बुटांकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिचे वडील आले. चाचणी पाहायला शेतातून तसेच निघालेले, पायात अजून चिखल. "कोनं खेळू देल्लं इले?" ते ओरडले. "ठीक नोती तं कोनं देल्ले बूट?" दोन शब्द बोलायचे होते फक्त. ते मी बोललो नाही, आणि मादू उठून उभा राहिला.

"मीच देल्ले," तो म्हणाला. "माहीच चूक झाली, काका."

त्यानंतर त्याला जे ऐकून घ्यावं लागलं त्याला सुमार नाही. अडाणी फिटरच्या हाती पोरी दिल्या, म्हणाले लोक. चहा पाजून गुडघे तपासतो म्हणून हसले. हे तर माझंच वाक्य होतं, मीच कुठं कुठं बोललो असेन. बापांनी पोरी काढून घेतल्या, त्या हंगामात मैदानावर मोजून तिघी उरल्या. आणि माझा दवाखाना? तो भरून वाहू लागला. प्रणालीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मैदान सुटलं ते सुटलंच. मी एकदा धीर करून मादूकडे गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. त्यानं नेहमीसारखा चहा मागवला. मी शब्द जुळवत होतो, आणि तेवढ्यात खुर्चीखालून चेंडू घरंगळत माझ्याकडे आला. मी दचकून दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले. मला वाटलं, थट्टा करतोय. त्यानं चेंडू परत ओढून घेतला आणि म्हणाला, "चहा घे, थंडा होऊन राह्यला." आम्ही कापसावर बोललो आणि मी घरी आलो. पुढची सहा वर्षं दर दिवाळीला जात राहिलो, फराळ करून परत येत राहिलो. हळूहळू पोरी पुन्हा त्याच्याकडे यायला लागल्या, आणि खोटं कशाला बोलू, मला पुन्हा पोटात दुखायला लागलं.

त्याच्या तेरवीला गेलो. जेवणं आटोपली, लोक गेले. पुढच्या खोलीत मंदा वहिनी, मी आणि प्रणाली. ती आता नेरच्या एका शाळेत खेळ शिकवते, आणि आता रविवारी मादूच्या पोरींनाही तीच खेळवणार आहे. मादूच्या खुर्चीवर कुणी बसायला धजत नव्हतं, ती सरळ जाऊन बसली. मला तेही सललं. वहिनींनी आतून एक पत्र्याची पेटी आणली. "हे तुमच्या मित्रानं सहा वर्षं लपून ठेवलं," म्हणाल्या. "मले म्हने, कोनी पाह्यलं तं अविनाशचं नाव येईन. मंग पोरी दवाखान्यात कोनाकडं जातीन?"

पेटीत प्रणालीचे जुने बूट होते. सहा वर्षांपूर्वीच्या मातीसकट, म्हणजे मादूनं ते दिलेच नव्हते याचा पुरावा.

मी बोललो. कसा बोललो ते आठवत नाही, पण सगळं बोललो. बाजार, नवे बूट, "भाऊनं पाठवले", सगळं. प्रणाली खाली बघून ऐकत होती. मग म्हणाली, "मले मालूम आहे, सर. दवाखान्यात पडल्या पडल्याच समजलं. भाऊनं नवे बूट कोनाले कधी देल्ले काय?"

"मग बोलली काहून नाही?"

"मी तं निंगालीच होती तुमच्याकडं. भाऊनं थांबवलं. म्हने, तो सोता सांगीन. दरसाल विचारो मी, सांगितलं का सरनं? तं भाऊ म्हने, अजून भेते तो. थांब."

सहा वर्षं! पोरींना आठ आठ दिवस थांबवणारा माणूस माझ्यासाठी सहा वर्षं थांबला. मी कुणासाठी इतका थांबलो असतो का? नाही. आणि मरून गेलेल्या माणसाचा मला तिथं बसल्या बसल्या पुन्हा हेवा वाटला.

"माफ कर मला," मी म्हणालो.

"मले सांगून का फायदा, सर? मी तं केव्हाचीच मोकळी झाली. ज्यायनं भाऊले नावं ठेवली त्यायले सांगा." ती हे बोलत असतानाच खुर्चीखालून चेंडू आला. मला ठाऊक होतं तो काय आहे, कशासाठी आहे, आणि तरी माझे दोन्ही पाय मागे गेले. तिनं ते पाहिलं. मादूसारखाच चेंडू परत ओढून घेतला. मग उठली आणि आपले जुने बूट पेटीतून काढून रिकाम्या खिळ्यावर टांगले. मी म्हटलं, तुझे आहेत, घरी ने. म्हणाली, "आज नाई. तुमी सगळ्याइले सांगसान, तवा नेईन."

मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिणारा माणूस नाही. हे लिहायला मला तीन आठवडे लागले, दोनदा फाडलं. पहिल्या दोन्ही वेळा मी मादूबद्दल फार चांगलं चांगलं लिहिलं होतं आणि त्या बुटांबद्दल काहीच नाही. बाभुळगावात, यवतमाळात, राळेगावकडे ज्यांनी ज्यांनी महादेवला दोष दिला त्यांनी हे वाचावं. त्यानं त्या दिवशी बूट दिले नव्हते. त्यानं थांब म्हटलं होतं. ते मी दिले, आणि त्याचं नाव सांगून दिले.

प्रणाली, बूट काढ खिळ्यावरून. उंबऱ्यावर माती झाड आणि घेऊन जा.