माइकवरून दिलेलं आवतण

माझ्या सोनाळ्याच्या मैत्रिणीइतकं हट्टी माणूस सातपुड्याच्या अलीकडे नाही, आणि पलीकडे असलंच तर त्याची नि तिची गाठ पडू नये अशी माझी मनापासून प्रार्थना आहे. ती आवाज चढवत नाही, हातवारेही करत नाही. ती फक्त ‘काऊन?’, म्हणजे ‘का?’, एवढंच विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभी राहते. एसटीचा कंडक्टर ‘मागं सरका’ म्हणाला की काऊन. बँकेतला साहेब ‘उद्या या’ म्हणाला की काऊन. संग्रामपूरच्या बाजारात ती जे कोहळं घ्यायचंच नाही त्याचीही घासाघीस करते. एकदा मी कंटाळून विचारलं की हा काय उद्योग, तर म्हणाली, “भाव इचारनारं कोनी नसलं की भाव माजते.” कोहळेवाली बाई हे ऐकून इतकी खूश झाली की तिनं कोहळं फुकट देऊ केलं. हिनं ते घेतलं नाही. फुकट काऊन, यावर तिथं आणखी थोडा वेळ गेला.

आमची ओळख झाली ती देशोदेशीच्या तरुण स्वयंसेवकांच्या अदलाबदलीत. तिकडची मुलं काही महिने आपल्या गावांत येऊन राहतात, शाळेत, शेतात हाताला लागेल ते काम करतात. मग इकडची मुलं त्यांच्या देशात जाऊन तसंच राहतात. एकमेकांची संस्कृती समजून घ्यायची, हा त्यामागचा हेतू. मी बुलडाणा शहरातली, ती सोनाळ्याची, आणि पुण्याच्या प्रशिक्षण शिबिरात आम्हाला एकच खोली मिळाली. पहिल्याच दिवशी तिथल्या शिकवणाऱ्या ताईंनी आम्हा वऱ्हाडी मुलींना गोड आवाजात सुचवलं की पाहुण्यांसमोर जरा शुद्ध बोलत चला. मी लगेच मान डोलावली. ही उभी राहिली. “पानी शुद्ध करतेत ताई. बोली काऊन शुद्ध करा लागते?” ताई हसल्या. ही हसली नाही. शिबिर संपेपर्यंत परिणाम इतकाच झाला की त्या ताईच एका सकाळी स्वयंपाकघरात ‘मले अर्धा कप च्या द्या’ म्हणताना सापडल्या.

त्या शिबिरात केनियाहून आलेली अचिएंग नावाची मुलगी होती. उंच, शांत, पटकन हसणारी. तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळ्यांनी सोयीसाठी तिची ‘अंजू’ करून टाकली होती. माझ्या मैत्रिणीला हे सहन होईना. पोरीच्या मायनं विचार करून नाव ठेवलंय, ते बदलायला आपण कोण, असं म्हणत तिनं जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाकडून ‘अचिएंग’ घोटून घेतलं. नीट म्हटल्याशिवाय ती पुढं सरकू देत नसे. कार्यक्रमाच्या समन्वयक सरांचा चहा त्यापायी दोनदा गार झाला. बदल्यात हिनं अचिएंगला मराठी शिकवायला घेतलं. म्हणजे अचिएंगला वाटलं की ती मराठी शिकतेय. डेक्कनवरच्या एका दुकानात तिनं अत्यंत आदबीनं ‘हे साबन केवढ्याले देता जी?’ असं विचारलं, तेव्हा त्या दुकानदाराचा चेहरा असा झाला की आम्हाला साबण न घेताच बाहेर पडावं लागलं.

एक दिवस सगळ्यांना मोठे कागद आणि रंगीत पेनं देऊन सांगितलं, आपल्या संस्कृतीची ओळख करून द्या. मी पुरणपोळी काढली आणि तिच्यावर तुपाचा गोळाही काढला. कुणी रांगोळी काढली, कुणी ढोल. हिनं नुसत्या आडव्या रेघा मारल्या. सरांनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, उंबरठे आहेत. आमच्या गावात कोण कोणत्या उंबरठ्यापर्यंत येतं हे कुणी सांगत नाही, पण लहान लेकरालाही ते माहीत असतं. तीही संस्कृतीच, तिचीही ओळख झाली पाहिजे. सर म्हणाले, छान, वेगळा विचार आहे, आणि त्यांनी तो कागद दाराच्या मागच्या बाजूला लावला.

पुढं आमची तुकडी सोनाळ्यालाच यायची ठरली. ही हरखून गेली होती. अचिएंगला घरी कुठं झोपवायचं, कुलर कुठं ठेवायचा, सगळं ठरवून झालं होतं. आणि आदल्या दिवशी, आम्ही तयारीसाठी सरांबरोबर पुढं आलो तेव्हा, त्यांनी पाहुण्यांच्या राहण्याची घरं सांगितली, त्यात हिचं घर नव्हतं. गावातल्या बौद्ध वस्तीतलं एकही नव्हतं. सगळे पाहुणे भाऊंच्या बंगल्यावर आणि त्यांच्या भावकीत. भाऊ म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. स्वागताचा हॉलही त्यांचाच. हिनं सरांना गाठलं. सर म्हणाले, त्या बाजूला गैरसोय होईल, संडास-बाथरूमचा प्रश्न असतो, आणि शिवाय पाहुण्यांना जपावं लागतं.

“कोनापासून?” तिनं विचारलं.

सर हातातली यादी चाळू लागले. मग तिनं अगदी शांतपणे सांगितलं, “भाऊच्या घरच्या ज्या संडासची तुमी तारीफ करून राह्यले, त्याची फरशी माह्या बाबानं बसवली. आमच्या घरची बी त्यानंच बसवली. तीच फरशी हाये, उरलेली.” तिचे वडील गवंडी. सरांनी तिचं घर बघितलं, फरशी बघितली, चहा घेतला, सगळं उत्तम आहे असं म्हणाले, आणि निर्णय मात्र तोच ठेवला. भाऊंना वाईट वाटेल, म्हणाले. तिच्या आईला वाईट वाटलं होतं, ते तिथं समोरच दिसत होतं. त्या माउलीनं नवी चादर काढली होती, ती घडी घालून परत पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये स्वागत झालं. हार, शाली, लेझीम. स्थानिक स्वयंसेवक म्हणून दोन शब्द बोलायला हिला उभं केलं. मी खाली बसून मनात म्हणत होते, बाई, आज नको. तिनं माइक हातात घेतला.

“जय भीम. पाहुने आले, मले आनंद झाला. आपल्याकडं पाहुन्याले देव म्हनतेत. पन देव गावात यायच्या आधीच आपन ठरवून टाकलं, तो कोन्या गल्लीत जाईन अन् कोन्या गल्लीत नाही जाईन. म्हनून आज दुपारी साऱ्याइले आमच्या घरचं आवतन हाये. बुद्ध इहाराच्या बाजूचं निळ्या दाराचं घर. जे येतीन त्याइचं सोनं. जे नाही येतीन, त्याइच्यासाठी दार उद्याबी उघडं राहीन.”

हॉल गच्च भरलेला होता. भाऊंच्या बंगल्यावर पुऱ्या तळून तयार होत्या. आणि या बयेनं घरी काहीही सांगितलेलं नव्हतं. ती खाली उतरली ती सरळ घराकडे, मागं मी. तिची आई धुणं वाळत घालत होती. सगळं ऐकून ती ओला टॉवेल हातात घेऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, “इतल्या मानसाईले काय घालू व खाऊ, तुह्यं डोकस्कं?” पण तेवढ्यात शेजारच्या काकू परात घेऊन आल्या. कुणी वांगी आणली, कुणी पीठ, कुणी गंजभर ताक. बघता बघता सगळ्या वस्तीच्या चुली एकाच जेवणाला लागल्या.

अचिएंग सगळ्यात आधी आली, पाठीवर सामानाची पिशवी घेऊनच. बाकीचे पाहुणे आले. कॉलेजची मुलं आली, दोन शिक्षक आले, गावातल्या काही बाया एकमेकींच्या आडोशानं आल्या. भाऊ आले नाहीत. त्यांच्या सूनबाई आल्या. पाणी प्यायल्या, जेवल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र येऊन जेवल्या आणि भरीत कसं करता तेही विचारून गेल्या. बरेच लोक आलेच नाहीत, आणि ते कोण हे माझ्या मैत्रिणीनं नीट बघून ठेवलं. अचिएंगनं ज्वारीच्या कण्यांचा गोळा बोटांनी दाबून त्याची वाटी केली, त्यात वरण घेतलं आणि म्हणाली, आमच्याकडेही असंच जेवतात. त्या रात्रीपासून ती तिथंच राहिली. पेटीतली चादर पुन्हा बाहेर आली.

सरही जेवले होते. भरताचं तोंडभरून कौतुक केलं होतं. नंतर त्यांनी वरती कळवलं की या मुलीत परिस्थितीशी जुळवून घेण्याची वृत्ती नाही, आणि केनियाला जाणाऱ्या तुकडीतून तिचं नाव गेलं. आम्ही काहींनी मिळून विरोध केला, त्याचं काही झालं नाही. मग मीही जात नाही, असं तिला सांगितलं, तर तिनं मलाच झापलं. म्हणाली, येडी आहेस काय, एकीनं तरी जाऊन बघायला पाहिजे. तुला वाईट नाही वाटत का, असं विचारल्यावर म्हणाली, “वाटते न. पन उद्या पुन्हा माइक देला, त पुन्हा हेच बोलीन.”

मी गेले. अचिएंगचं घर मोठ्या तळ्याच्या काठी आहे. तळं कसलं, पलीकडचा काठ दिसतच नाही. तिची आई मला रोज त्या दुसऱ्या मुलीबद्दल विचारायची. एका संध्याकाळी मी काठावरून सोनाळ्याला फोन लावला. वाद घालण्याच्या तयारीत होते, पण ती भांडलीच नाही. पाणी गोडं आहे का, होड्या केवढ्या आहेत, एवढंच विचारत राहिली. मग हळूच म्हणाली, “त्या पान्याचा आवाज येते का व?” मी चप्पल काढली, गुडघाभर आत गेले आणि फोन लाटांजवळ धरला. अचिएंग माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही तिघी ते पाणी ऐकत राहिलो.