बर्गनची दुपार आणि सामी साहेब

हे मी आजवर कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. चर्चमध्ये फादरसमोर गुडघे टेकून काय काय सांगितलं — राग, हेवा, मोडलेले उपवास — पण हे ओठांवर आलं की जीभ टाळ्याला चिकटायची. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही वसईचे नाही. आणि आधीच बजावते, मी रडायला बसलेली नाही.

२००२ साली माझ्या धाकट्या बहिणीचं, रोझीचं लग्न ठरलं. मी तेव्हा दुबईत एका ऑफिसात सेक्रेटरी होते, राहायला शेजारच्या अजमानला. वय चौतीस, लग्न नाही. आता धाकटीची करवली म्हणून मी नटूनथटून उभं राहायचं आणि मांडवातल्या एकेका मावशीने हनुवटीला हात लावून विचारायचं, "तुझं काय गं राहिलं?" चुलतबहिणीच्या लग्नात हे सोसलं होतं. मैत्रिणींच्या लग्नांत सोसलं होतं. परत सोसायचं — का म्हणून?

फोनवर मी म्हटलं, "रजा मिळाली नाही." बस्स. गल्फमध्ये रजा मिळत नाही म्हटलं की आमच्याकडे दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. आई रडली. रोझीने माझ्या साहेबाला यथेच्छ शिव्या घातल्या. मी घालू दिल्या.

रजा? ती तर मागितल्या दिवशीच मिळाली होती! सामी साहेब, माझे लेबनीज मॅनेजर, व्हिसासाठी लागणाऱ्या कंपनीच्या पत्रावर सही करून हसले, "यल्ला, एन्जॉय." यल्ला म्हणजे चल, नीघ. बहिणीचं लग्न आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी सहलीच्या जहाजाने नॉर्वे फिरायला निघाले होते. नॉर्वेच का? तिथे ओळखीचं कुणी भेटणं शक्यच नव्हतं, म्हणून.

लग्नाच्या दिवशी जहाज बर्गनच्या बंदराला लागलं. बाकीचे प्रवासी गाइडच्या छत्रीमागे गेले, मी एकटी निघाले. धक्क्याला लागून लाकडी घरांची रांग — लाल, पिवळी, तपकिरी, एकमेकांच्या खांद्याला टेकून जराशी कललेली. त्यांच्या बोळांतून फळ्यांवर बुटांचा आवाज करत हिंडले, मुद्दाम, दोनदा. मग मासळीबाजार. आमच्या कोळणी बघतील तर हसतील इतका शांत! घासाघीस नाही, भांडण नाही. पावात भरलेली थंड कोळंबी घेतली आणि पाण्याकडे तोंड करून बाकावर बसले. वसईत त्या वेळी रोझी चर्चच्या पायऱ्या चढत असणार, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. मी घड्याळ बघितलं आणि कोळंबी खाल्ली. छान होती.

मग चढाच्या गल्ल्या. पांढरी घरं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, पायरीवर एक मांजर. भुरभुर पाऊस आला, थांबला. एका बाईने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि ती पुढे गेली. तुझं वय काय, नवरा कुठे, पगार किती — काही नाही! मी तिथल्या तिथे मोठ्याने हसले. चौतीस वर्षांत इतकी हलकी मी कधी चालले नव्हते. त्या दुपारची मला लाज वाटत नाही. स्वार्थी म्हणा, दगडाच्या काळजाची म्हणा. उद्या जहाज लागलं तर उद्या परत जाईन.

पण खोटं मी एकटीने पेललं नाही — ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. तेच सांगायचं आहे.

दोन वर्षांनी रोझी माझ्याकडे अजमानला आली. बाय, तुझं ऑफिस दाखव, म्हणाली. ती मला बाय म्हणते. नेलं. सामी साहेब स्वतः केबिनबाहेर आले, चहा मागवला, हात पुढे केला. रोझीने हात दिला नाही. "यू नो लीव्ह माय सिस्टर," ती सगळ्या ऑफिससमोर कडाडली, "माय मॅरेज! माय मदर क्रायिंग, क्रायिंग!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं, तिथेच, एका क्षणात. एक शब्द त्यांना पुरला असता. मलाही पुरला असता. मी काय केलं? फॅक्स मशीनमधला कागद सरळ करत बसले.

"सॉरी, सिस्टर," ते म्हणाले. "दॅट इयर, टू मच वर्क. माय मिस्टेक."

त्यांनी तो विषय परत कधी काढला नाही, मीही काढला नाही. पुढे ते नोकरी सोडून कायमचे बैरूतला गेले. निरोपाच्या दिवशी मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, केक खाल्ला. आमच्या घरी मात्र ते अजून तसेच आहेत — सख्ख्या बहिणीच्या लग्नाला न सोडणारा तो दगडाच्या काळजाचा अरब. आई तेच मनात धरून गेली.

त्या दिवशी अजमानला परतताना टॅक्सीत रोझी खुशीत होती. "बघितलंस, बाय, कसं तोंड उतरलं त्याचं? बरं केलं ना मी?"

"बरं केलंस," मी म्हटलं.