जावेचं सोनेरी कार्ड

जवळा बाजार या आमच्या गावच्या आठवडी बाजारात माझी धाकटी जाऊ कोथिंबिरीची जुडी घ्यायची असली तरी पर्स अशी उघडायची की आतलं कार्ड आधी दिसावं. सोनेरी कडा, दोघा नवराबायकोचे फोटो. खाजगी कंपनीचा आरोग्य विमा. हे कार्ड दवाखान्यात दाखवलं की झालं, असं तिचा नांदेडचा जावई सांगून गेला होता. भाजीवालीनं ते कधी मागितलं नाही. पण मी ते शंभर वेळा बघितलं.

आमच्याकडे काय होतं? सरकारी विमा कंपनीचा एक पिवळट कागद. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते, तेव्हा नव्वद सालाच्या आसपास त्यांनी हा विमा काढला आणि दर वर्षी नोटीस आली की हिंगोलीला जाऊन हप्ता भरून यायचे. त्या कागदावर फोटोसुद्धा नव्हता. असला कागद पर्समधून कुणाला दाखवणार?

तसा माझा जळफळाट जुनाच. सासऱ्यांनी दोघा भावांना एकाच दिवशी शाळेत नेलं होतं. धाकटा चुणचुणीत, त्याला वरच्या वर्गात बसवायचा म्हणून मास्तरांनी त्याचं वय दोन वर्षं वाढवून लिहिलं. आमचे हे ढोरं राखून उशिरा आलेले, म्हणून त्यांचं दोन वर्षं उतरवलं. जन्मतारीख दोघांचीही एक जून. झालं. कागदावर धाकटा थोरला झाला. त्यामुळं पेन्शन आधी जावेच्या घरी आली, एसटीत अर्धं तिकीटही दिराला आधी. मी थोरली जाऊ असून सगळ्यात मागं. वर आता हे कार्ड.

त्या वर्षी यांना हर्निया निघाला. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, पण ऑपरेशन करावं लागंल. यांनी ठरवलं, सोयाबीन निघालं की नांदेडला मोठ्या दवाखान्यात करू, विमा आहेच. तेवढ्यात हप्त्याची नोटीस आली. पोस्टमननं ती माझ्या हातात दिली आणि मला अक्कल सुचली. हा जुना विमा बंद पडला तर नवा काढावाच लागंल, आणि नवा म्हणजे कार्डवाला. मी नोटीस ज्वारीच्या कोठीत घातली. अठ्ठावन्न वर्षांची बाई होते मी तेव्हा. लेकरू असते तर कुणी कान तरी पिळला असता.

कार्डवाल्या कंपनीचा एजंट घरी आला त्या दिवशी जाऊ नेमकी ताक मागायला आली होती.

"काहून घेऊन राहिल्या अक्का?" ती हळूच म्हणाली. "जुना चालू आहे ना? त्याला हात नका लावू."

"तुला बरं चाललं, मला काहून नको?"

"तसं न्हाई अक्का."

"मग कसं?"

तिनं भांडं उचललं. ताक घेऊन गेली. मला वाटलं, गावात सोनेरी कार्ड एकटीचंच राहावं असं तिला वाटतंय. मी यांना म्हटलं, जुन्याच्या जोडीला हाही असू द्या. यांनी सह्या केल्या. फॉर्मवर आजारांची यादी होती, तिथं एजंटनं प्रत्येकापुढं 'नाही' असं लिहिलं. मी समोरच होते, गप्प बसले.

महिन्यानं कार्ड आलं. माझा फोटो जावेपेक्षा बरा होता, हे मी बाजारात दोन वेळा तपासलं. मग सोयाबीन निघालं, यांचं दुखणं वाढलं, आणि कार्ड घेऊन मी एजंटला गाठलं.

"हर्निया? तो पहिली दोन वर्षं विम्यात बसत नाही मावशी," तो म्हणाला. "आणि आधीपासून असंल तर अजूनच अवघड."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीनं हिंगोलीला गेले, कोठीतून काढलेली नोटीस घेऊन. सरकारी कंपनीतल्या साहेबानं तारीख बघितली. मुदत कधीच उलटून गेली होती. मी म्हटलं, मग नव्यानं काढा. त्यानं यांचं वय विचारलं, मी कागदावरचं सांगितलं.

"साठीच्या वरचं नवीन घेत नाही आमी. मागं तुमच्याच गावचे एक जण आले होते, तुमच्याच आडनावाचे. वय तुमच्या मिस्टरांपेक्षा दोन वर्षं जास्त. त्यांनाही परत पाठवलं. त्यांच्या मिसेस इथंच, या बाकावर बसून रडल्या."

मी त्याच बाकावर बसले होते.

घरी येऊन यांना सांगितलं, नोटीस पोस्टात गहाळ झाली, विमा बंद पडला. नांदेड राहिलं. ऑपरेशन हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात झालं, बरं झालं. चार दिवस जावेनं भाकरी आणली. शेवटच्या दिवशी ती आणि मी खाटेच्या दोन बाजूंना बसलो होतो.

"घरी गेलो की पोस्टमनची तक्रार करतो," हे म्हणाले. "एवढ्या वर्षांचा विमा गेला माझा."

जावेनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. "जाऊ द्या दादा," ती म्हणाली, "एखादा कागद हुकतो कधी. म्हातारं माणूस आहे तो पोस्टमन."

मला वाचवत होती.  कार्ड तिचं आधी, पेन्शन तिची आधी, आता चांगुलपणातही तीच पुढं?

"पोस्टमननं दिली होती," मी म्हणाले. "मी कोठीत घातली."

 हे जावेकडं वळून म्हणाले, "तू हिला सांगितलं न्हवतंस, जुना सोडू नका म्हणून?"

"सांगितलं व्हतं दादा."

"बराबर. तू सांगितलंस म्हणूनच ऐकलं न्हाई तिनं," ते म्हणाले आणि टाक्यांवर हात धरून हळूहळू भिंतीकडं वळले.