तोंडाने सांगायचं नातं

शहरातल्या दुकानांचे वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारणारे एक गृहस्थ चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसतात. सगळे त्यांना काटेमास्तर म्हणतात. चार ग्रॅमच्या फरकासाठी त्यांनी सख्ख्या मेहुण्याचा काटा जप्त केला होता. "मास्तर, स्वर्गातला काटासुद्धा तपासल्याशिवाय तुम्ही आत जायचे नाही," असं मी चिडवलं की म्हणत, "कारकुनबुवा, आधी स्वतःचं माप बघा."

त्यांचा एकुलता एक मुलगा ट्रक चालवी. दारूच्या नशेत त्याने शाळेतून घरी निघालेल्या एका मुलीला चिरडलं. मुलगी आमच्याच चर्चमधल्या शिक्षिकाबाईंची. शिक्षा झाली त्या दिवशी मास्तर बाईंच्या दारात जाऊन म्हणाले, "आजपासून मला मुलगा नाही." पुढच्या रविवारी बाई चर्चमध्ये मास्तरांच्या शेजारी येऊन बसल्या. पुढे नऊ वर्षं ती जागा त्यांचीच. मास्तरांची बायको वारली तेव्हा महिनाभर जेवणाचा डबा बाईंनीच पोचवला.

मास्तर तुरुंगाकडे एकदाही फिरकले नाहीत. मात्र उपासनेत आम्ही उभं राहून विश्वासाची कबुली म्हणतो, त्यात देवाच्या एकुलत्या एका पुत्राचा उल्लेख आला की त्यांचा खर्जातला आवाज थांबे. मागे असल्यामुळे ते मलाच कळे.

मी रुग्णालयाच्या शवागारात नोंदी ठेवतो. यंदा तुरुंगातून एक शव आलं. मृत्यू क्षयाने. बापाचं नाव वाचलं आणि मी मास्तरांना निरोप धाडला. तीन दिवसांत कोणी आलं नाही तर शव बेवारस म्हणून पुरतात. मास्तर तिसऱ्या दिवशी सकाळी आले.

एकदा आमच्याकडून भलत्याच कुटुंबाला भलतंच शव गेलं होतं. तेव्हापासून नियम आहे: चेहरा बघायचा, दोन साक्षीदारांसमोर 'हा माझा अमुक' असं तोंडाने म्हणायचं, मग सही.

"सही करतो," मास्तर म्हणाले. "म्हणायला लावू नका."

"न तपासता तुम्ही काट्यावर शिक्का माराल का?"

"बाईंना शब्द दिलाय हो मी. आणि कुठल्या लायकीवर याला मुलगा म्हणू? देवाने कबुलीतल्या त्या एकुलत्या एकाला पुत्र म्हटलं, तो त्या लायकीचा होता म्हणून."

"म्हटलं कधी, मास्तर? बाप्तिस्मा घेऊन ओल्या अंगाने नदीतून वर आला तेव्हा. तोवर त्याने एकही आजारी बरा केला नव्हता. देवाने लग्न करून मूल जन्माला घातलं असं कुठे आपण मानतो? जे बापाचं स्वरूप तेच पुत्राचं, मुळापासून. कामगिरी बघून मिळालेली ती बढती नव्हे. आणि आपण? आपण त्याच्यामुळे दत्तक घेतलेले. आपलं माप कोणी तपासलं?"

"आणि क्रूसावर? तिथे बाप का गप्प बसला?"

मी नोंदवहीचं पान सरळ करत बसलो. मी कॉमर्सचा माणूस.

शवाबरोबर आलेला तुरुंगाचा शिपाई दाराशी उभा होता. तो म्हणाला, "बाबा, राग मानू नका. यानं कोठारात धान्य मोजायचं काम मुद्दाम मागून घेतलं होतं. सांगायचा, माझ्या बापाच्या हातून ग्रॅम चुकत नाही. आम्ही हसायचो, आला बघा काटेवाल्याचा पोरगा."

मास्तर त्याच्या गणवेशाकडे बघत राहिले. "तिथेही शिपाईच बोलला होता," ते पुटपुटले. "मेलेल्याकडे बघून." क्रूसाखाली पहाऱ्यावर असलेल्या रोमी अधिकाऱ्याबद्दल ते बोलत होते. बाप गप्प असताना त्या परक्याने गुन्हेगार म्हणून मारलेल्या त्या माणसाला देवाचा पुत्र म्हटलं होतं.

शवागाराच्या सफाईवाल्याने कापड बाजूला केलं. चेहरा बापापेक्षा म्हातारा दिसत होता.

"हा माझा मुलगा."

"ऐकू नाही आलं," सफाईवाला म्हणाला. एक साक्षीदार मी, दुसरा तो, त्याचंही चूक नव्हतं.

मास्तरांनी पुन्हा म्हटलं. या वेळी बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली.

तिथून ते तडक बाईंकडे गेले. मी सोबत होतो.

"बाई, मी शब्द मोडला. त्याला माझा म्हटलं."

बाईंनी दाराची कडी धरली. "म्हणायलाच हवं, मास्तर. मी माझ्या लेकीला रोज माझी म्हणते." मग म्हणाल्या, "पण आता तुमच्या शेजारी मला बसवणार नाही."

दार त्यांनी आपटलं नाही. हळूच लावलं.

दफनाला चर्चचे पाळक, मास्तर आणि मी. रविवारी बाई शेवटच्या बाकावर होत्या. कबुलीत एकुलत्या एका पुत्राचे ते शब्द आले, मास्तरांचा आवाज या वेळी थांबला नाही. शेजारची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. अजूनही ठेवतात. कोणी नवखा तिथे बसायला आला तर हाताने खूण करून त्याला पलीकडे पाठवतात.