पाठीवरची गाठ

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कोणी विचारायला नको — मी नववीला विज्ञान शिकवते. भूतखेत, अंगात येणं, दृष्ट लागणं, यातलं काहीही मी मानत नाही. घरात कोणी मीठमोहऱ्या ओवाळायला घेतल्या की म्हणते, मोहऱ्या फोडणीला ठेवा. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा आजवर चहाबरोबर खारी खावी तसे वाचले आणि सोडून दिले. आणि आता मीच लिहायला बसलेय! भीतीने नाही हं... का ते वाचून तुम्हीच सांगा.

मी पंचवटीची. माहेर गंगेपासून चार मिनिटांवर. (बाहेरगावच्यांसाठी — आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) आमच्या गल्लीतली झाडून सगळी पोरं पोहायला शिकली ती माईआत्याकडे. माईआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तेलाचा रिकामा डबा, तोंड झाळून बंद केलेला, तो पोराच्या पाठीवर बांधायचा आणि पोराला पाण्यात सोडायचं ही तिची पद्धत. बांधायला जुन्या लुगड्याची पट्टी. गाठ पोटावर मारली तर पोरं खोड्या करून सोडतात, म्हणून ती मारायची मागे, डब्याखाली, पोराचा हात पोचणार नाही अशी. त्याआधी एकच हुकूम — "पोट आत घे!" मग पट्टी करकचून आवळायची, गाठ मारायची आणि दोन खांद्यांच्या मध्ये एक सणसणीत धपाटा घालायची. धपाटा बसला की उडी मारायची.

त्या गाठीला आम्ही माईगाठ म्हणायचो. कितीही ओढा, सुटायची नाही. पण तिची आखूड शेपटी खाली खेचली की एका झटक्यात मोकळी! ही युक्ती आमच्या गल्लीतल्या पोरांखेरीज कोणाला ठाऊक नाही.

सातव्या वर्षी माझा डबा सुटला आणि तेव्हापासून पाण्याचा जो माज चढला तो मागच्या हिवाळ्यापर्यंत टिकला.

नवरा, प्रमोद, देवळ्याचा. कांद्याच्या गावातला माणूस, विहिरीत डोकावला तरी गरगरतं त्याला. पण व्हिडिओ बघून बघून गळ टाकायचं वेड लागलं. आमच्याकडे मासे खात नाहीत, त्यामुळे पकडायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा असा सगळा कारभार. माशालाही कळत नसेल नक्की काय चाललंय!

त्या रविवारी आम्ही कश्यपी धरणाच्या फुगवट्याला गेलो होतो. तिथे प्रमोदच्या ओळखीचे दत्तूभाऊ राहतात, त्यांचं शेत थेट पाण्याला टेकलेलं. त्यांची छोटी फायबरची बोट आहे. दोन माणसं बसली की भरली. बोट ढकलायच्या आधी दत्तूभाऊंनी दोन लाइफ जॅकेटं आत टाकली.

"ताई, जाकीट घाला बरं का. पानी लय थंड हाय. ह्या एकाचा चाप तुटेल हाय, पन पट्टा लांब हाय. गाठ मारून घ्या."

"दत्तूभाऊ, मी गंगेवरची आहे हो," मी म्हटलं.

"आसाल. पन हे धरनाचं पानी हाय, त्याला काय ठावं तुम्ही कुठल्या?"

मी हसले आणि माझं जॅकेट घडी करून बुडाखाली घेतलं. बोटीचं फळकूट टोचत होतं ना! चाप तुटलेलं जॅकेट प्रमोदच्या वाट्याला आलं. त्याने पट्ट्याची पुढे कशीतरी गाठ मारली, ती दर पाच मिनिटांनी सुटायची. या माणसाला बुटाची लेस बांधता येत नाही, बिनलेसचेच बूट घेतो. शिवाय गळ फेकताना जॅकेटची कॉलर मानेला घासत होती. त्याची ती चुळबुळ बघून मीच म्हटलं — हो, मीच — "काढून टाक रे ते. मी आहे ना! बुडालास तर शेंडी धरून बाहेर काढीन."

त्याने काढून पायाशी टाकलं. मी फोटो काढला. हातात रॉड, पोट पुढे, पायाशी नारिंगी जॅकेट, पट्टा मोकळा लोळतोय. लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला. फोटोखाली वेळ आहे तीन बारा. हे लक्षात ठेवा.

मोबाइल खिशात ठेवते न ठेवते तोच... रॉड वाकला! असा तसा नाही, पार पाण्याला टेकला! कटला मासा असणार, चांगला सात-आठ किलोचा! प्रमोद ओरडत उभा राहिला. छोट्या बोटीत उभं राहायचं नसतं हे दत्तूभाऊंनी दोनदा बजावलं होतं. आणि गुरुत्वमध्य फळ्यावर काढून दाखवणारी मी, मीसुद्धा "दे इकडे, दे इकडे" करत उभी राहिले. झालं. एका क्षणात आभाळ खाली आणि पाणी वर.

पाणी इतकं गार की छातीत श्वासच अडकला. वर आले तर मध्ये उलटी पडलेली बोट, मी अलीकडे, प्रमोद पलीकडे कुठेतरी. पोहायला हात मारला तर गळ्याला हिसका बसला. ओढणी बोटीच्या कडीत अडकलेली. पायाला गळाचा नायलॉनचा दोरा, लाथा माराव्यात तसा जास्तच गुंडाळला जाणारा. पट्टीची पोहणारी मी, आणि जागची हलू शकत नव्हते!

"प्रमोद!"

मी ओढणीला हिसका दिला.

"प्रमोद!!"

मीच काढायला लावलं. मीच. हे एकच डोक्यात. ओढणीची गाठ सुटेना, शेवटी डोक्यावरून ओरबाडून काढली. पायातला दोरा तसाच ओढत, बोटीला धरत धरत पलीकडे गेले. किती वेळ गेला? मिनिटभर? दोन मिनिटं? पोहता न येणाऱ्या माणसाला तेवढी पुष्कळ होतात.

आणि पलीकडे प्रमोद पाण्यावर उताणा तरंगत होता. तोंड वर, जॅकेट अंगात, मजेत... मुरलेल्या लोणच्यातल्या फोडीसारखा! मी रडायला लागले.

तो खोकत खोकत म्हणाला, "आता परत कशाला आलीस?"

"परत?"

"बांधून गेलीस की मघाशी. आणि एवढ्या जोरात धपाटा कशाला घातलास गं? पाठ चुरचुरतेय."

मला वाटलं, गारठ्याने बरळतोय. तेवढ्यात दत्तूभाऊ ट्रकच्या ट्यूबवर बसून, हातांनी पाणी मारत पोचले. त्यांनी आम्हाला एकेक करून काठाला ओढलं आणि चुलीपाशी बसवलं. प्रमोदचे ओले कपडे काढायला हवे होते, पण जॅकेट निघेना. पट्टा पुढून कुठेच सुटत नव्हता. मी पाठीकडून हात घातला. बोटांना एक आखूड शेपटी लागली, मी ती खाली खेचली आणि पट्टा झटकन मोकळा झाला.

मग माझा हात तसाच थांबला. मला कळायच्या आधी माझ्या बोटांना कळलं होतं.

"नीट सांग," मी म्हटलं. "पाण्यात काय झालं?"

"नाकातोंडात पाणी गेलं. खाली चाललो होतो. तू मागून धरलंस, माझे हात जॅकेटमधून घातलेस. म्हणालीस, पोट आत घे."

"मी म्हणाले?"

"मग कोण? आवाज घोगरा येत होता तुझा. मला वाटलं थंडीने बसला."

दत्तूभाऊ चुलीत लाकूड सारत होते ते थांबले. "ताई, मी काठावून बघत व्हतो ना. तुम्ही नावंच्या ह्या अंगाला, सायेब त्या अंगाला. तुम्ही तिकडं गेलाच नाय. मंग बांधलं कोनी?"

जॅकेट पाण्यावर तरंगत असेल, त्याने धडपडत हात घातले असतील, इथपर्यंत मी मान्य करते. प्लावक बल मीच शिकवते. पण लेस न बांधता येणारा माणूस बुडता बुडता स्वतःच्या पाठीवर माईगाठ मारेल? माईगाठीचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. आणि "पोट आत घे" तर मीच विसरून गेले होते.

घरी न जाता गाडी सरळ पंचवटीत नेली. माईआत्या आहे अजून. शहाऐंशी वर्षांची, दोन वर्षं अंथरुणावर, माझ्या भावाच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. कोणाला ओळखत नाही, मला आईच्या नावाने हाक मारते. आम्ही सांगायच्या आधी वहिनीच दारात सुरू झाली.

"आज आत्यांनी काय घाबरवलं म्हणून सांगू! सव्वातीनचा सुमार असेल, झोपेतून ताडकन उठून बसल्या. वर्षभरात आधाराशिवाय बसल्या नाहीत त्या! डबा कुठाय, डबा कुठाय म्हणून ओरडायला लागल्या. मग गादीवर असा जोरात हात आपटला आणि झोपल्या परत. आणि हात बघ गं त्यांचे... दोनदा पुसले मी. आंघोळ तर सकाळी आठलाच घातली होती."

मी हात हातात घेतले. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, बादलीभर कपडे धुतल्यावर होतात तशी. आत्याला ग्रुपवरचा फोटो दाखवला होतास का, मी वहिनीला विचारलं. तिने स्वतःच तो पाच वाजता पाहिला होता.

बोलण्याने आत्या जागी झाली. माझ्याकडे पाहिलंच नाही. प्रमोदकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, कपाळाला आठ्या घालून.

"पोट सुटलंय रे तुझं," ती म्हणाली. "पट्टी पुरेना."

प्रमोदचा हात पोटावर गेला. आणि मला ती शेपटी आठवली. दोन बोटं, फार तर अडीच. पट्टा खरंच जेमतेम पुरला होता.

त्यानंतर ती यावर एक अक्षर बोललेली नाही. मी नाना परींनी विचारलं, ती माझ्याकडे बघून हसते आणि पेज मागते. माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, पण आधी ती माईगाठ स्वतःच्या पाठीवर मारून दाखवा!

आम्ही अजून कश्यपीला जातो. चाप धड असलेली दोन नवी जॅकेटं घेतली आहेत. बोट ढकलायच्या आधी मी माझं घालते, निमूटपणे. प्रमोदच्या जॅकेटचा चाप पुढेच आहे, तरी तो काठावर लहान पोरासारखा माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. मी मागून पट्टा ओढून बघते आणि म्हणते, पोट आत घे. तो घेतो.

धपाटा मात्र मी घालत नाही. तो मान आत्याचा.